नवसागर आणि राळ

जर्मनीच्या लढाईचे दिवस होते आणि मी आखाडा बाळापूरच्या शाळेत मास्तर होतो. औरंगाबादच्या कॉलेजात दीड वर्ष काढून, इंटरला आपटी खाऊन मी परत आलो होतो. येताना माझ्यासोबत तीन गोष्टी होत्या: रेडिओचा एक काचेचा व्हॉल्व्ह, कानाला लावायचा एक जुना हेडफोन आणि गावातल्या यच्चयावत माणसांबद्दल तुच्छता. पहिल्या दोन गोष्टी एका वर्गमित्राने दिल्या होत्या. तिसरी माझी स्वतःची होती, आणि ती मला कुणाकडे मागावी लागली नाही.

घरात माय आणि मी, दोघंच. वडील मी लहान असताना गेले. थोरली बहीण, आमची अक्का, हैदराबादला दिलेली. लग्न झाल्यावर एकदा आली ती आली. त्याला तोवर पाच वर्षं झाली होती, तिला पुन्हा माहेरी धाडलं नव्हतं. व्याही कळवायचे, गाड्यांना गर्दी फार आहे, लढाई संपू द्या. लढाई जणू यांच्याच अंगणात चालली होती! कार्डं यायची ती मेहुण्यांच्या हातची, "इकडील सर्व क्षेम" एवढ्या मजकुराची. अक्काला लिहिता येत नव्हतं. माय ते कार्ड माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायची, मग हातात धरून बसायची.

त्या साली पोळ्याच्या सुमाराला कार्ड आलं त्यात मात्र एक ओळ जास्तीची होती. हैदराबादच्या रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमात भुलाबाईची गाणी व्हायची होती, आणि म्हणणाऱ्या चौघींत अक्का होती. कोजागिरीच्या अलीकडच्या शनिवारी, दिवेलागणीला. भुलाबाई म्हणजे आमच्याकडे पोरींचा महिनाभराचा खेळ. मातीची भुलाबाई मांडायची, रोज संध्याकाळी टिपऱ्यांवर गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायला लावायची. अक्काला ती गाणी मायनेच शिकवली होती.

माय म्हणाली, "मला तिचा आवाज ऐकू दे रे बाबा. आता बाकी काई नको."

तिने माझ्याकडे त्याआधी काही मागितलं होतं असं मला आठवत नाही.

गावात रेडिओ एकच होता, देशमुखाचा. वसमतच्या स्टेशनावरून दोन रजयांच्या मध्ये घालून बैलगाडीने आणलेला. त्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी पेटीत जाता जाता राहिलं. पेटीला वेलबुट्टीची खोळ शिवली होती. खोळ काढायचा मान देशमुखाचा, तोही हात धुऊन. बातम्या लागल्या की हा गृहस्थ डोळे मिटून मान डोलवायचा आणि मधूनच "बराबर" म्हणायचा, जणू दिल्लीचा माणूस त्यालाच विचारून बोलतो आहे. पेटी खरखरली तर तिला म्हशीसारखं बाजूने थोपटायचा. ओट्यावर बसलेली माणसं त्या थोपटण्यावरही खूश असत. मी त्या ओट्यावर जायचो तो हे सगळं बघून मनातल्या मनात हसायला.

एका संध्याकाळी सगळ्यांच्या देखत देशमुख मला म्हणाला, "मास्तर, तुमच्या अक्काचं गानं लागनार हाय म्हनं. मायला घेऊन या. आत बायकांत सतरंजी टाकून देऊ. बसून ऐकतील."

आज त्या वाक्यात मला काडीचंही वाकडं दिसत नाही. तेव्हा दिसलं. सतरंजी टाकणारा हा कोण, असं माझ्या डोक्यात आलं आणि मी म्हणालो, "देशमुख, म्हशीच्या गळ्यात सतार बांधली तरी ती म्हैसच राहते. आमची माय तुमच्या दारात गाणं मागायला यायची नाही. तिचा रेडिओ मी माझ्या हातांनी करणार आहे."

ओट्यावर कुणी हसलं नाही. देशमुखाने पेटीवर खोळ चढवली आणि "बरं" एवढंच म्हणाला. मी मात्र मोठी लढाई मारल्यासारखा घरी आलो आणि मायला सगळं रंगवून सांगितलं. ती चुलीपुढे होती. "काहून बोललास रे असं?" ती म्हणाली, आणि परत भाकरी थापू लागली.

दुसऱ्या दिवसापासून माझी शोधाशोध सुरू झाली. व्हॉल्व्ह आणि हेडफोन सोडून मला लागत होतं ते सगळं चिल्लर सामान: कॉइलसाठी सुताने वेढलेली तांब्याची बारीक तार, कंडेन्सर, रेझिस्टन्स आणि बॅटरी. पुण्यामुंबईला दुकानात मिळणाऱ्या गोष्टी. आमच्या मुलखात त्यांचं नाव काढलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मग आपली अक्कल पाजळायचे.

हिंगोलीला घड्याळं दुरुस्त करणारा एक घडीसाज होता. डोळ्याला भिंग अडकवून दिवसभर बसायचा, म्हणून लोक त्याला इंजिनिअर समजत. माझा व्हॉल्व्ह त्याने भिंगातून पाहिला, हलवून पाहिला, हुंगून पाहिला आणि निकाल दिला, "ये बल्ब तो फ्यूज हो गया." वर म्हणाला, ठेवून जा, पॉलिश करून देतो. जवळा बाजारच्या किराणेवाल्याला मी बारीक तांब्याची तार विचारली, तर त्याने कुंपणाच्या लोखंडी तारेचं भेंडोळं पुढे टाकलं. मी नको म्हणालो, तर त्यालाच राग आला. "तार मंजे तार! तुमाला आनखी कोनची पायजे?" त्याच्याकडून मी चहाच्या रिकाम्या खोक्यातला चंदेरी वर्ख सोलून घेतला. तो का हवा आहे हे मी सांगितलं नाही, आणि मास्तराचं डोकं फिरल्याची बातमी माझ्या आधी बाळापूरला पोचली.

तार शेवटी जवळच्या स्टेशनावरच्या तारबाबूने दिली. जळलेल्या एका यंत्रातलं ते गुंडाळं कचऱ्यातच पडलं होतं, पण बाबूने ते असं काही दिलं की जणू त्याची नोकरी आणि मान दोन्ही त्या तारेला टांगलेल्या आहेत. "कुणाला बोलू नका," असं त्याने मला तीनदा बजावलं, आणि मी फाटकाबाहेर पडेपर्यंत सगळ्या हमालांना स्वतःच सांगून मोकळा झाला. त्यानेच दोन मोठ्या जुन्या बॅटऱ्याही दिल्या. काचेच्या बाटलीसारख्या त्या बॅटऱ्यांत, कल्हईला वापरतात त्या नवसागराचं पाणी भरायचं असतं हे त्याच्याकडून कळलं. त्याच्याकडून कळलेली ही एकच कामाची गोष्ट, आणि तिनेच माझा घात केला.

कंडेन्सर मी वर्खाचे आणि अभ्रकाचे तुकडे एकाआड एक रचून केला. अभ्रक मिळालं ते बाजारातल्या कल्हईवाल्या चाचाकडून. मोहरमला ताबूत सजवायचं काम त्याच्याकडे असे. ताबुताच्या खिडक्यांना लावून उरलेलं अभ्रक त्याने जुन्या कापडात जपून ठेवलं होतं. त्याने काही न विचारता ते सगळं माझ्यापुढे केलं. रेझिस्टन्स मी कागदावर शिसपेन्सिलीची रेघ ओढून केला. रेघ जाड केली की वीज जास्त जाते, खोडली की कमी. हे मी शाळेतल्या हेडमास्तरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, पेन्सिली सरकारी आहेत. कॉइल वेळूच्या नळीवर गुंडाळली. बाळापूरपासून हिंगोलीपर्यंत असा हुन्नर करणारा दुसरा कुणी नाही, याबद्दल माझी खात्री पटत चालली होती.

तारबाबूच्या बॅटऱ्या व्हॉल्व्ह तापवण्यापुरत्या होत्या; राहिली जास्त दाबाची दुसरी बॅटरी. तिला पंचवीस-तीस टॉर्चचे सेल लागत होते आणि लढाईमुळे नवे सेल डोळ्यांना दिसत नव्हते. मी मेलेल्या सेलांना भोकं पाडून नवसागराच्या पाण्यात बुडवायचो. त्यांच्यात तीनेक आठवड्यांपुरता जीव यायचा. पण मेलेले तरी कुठून आणायचे? ते मायने आणले. रोज दोन-तीन, पदराच्या गाठीत बांधून. मी ते घ्यायचो आणि कामाला लागायचो. कुठले, हे मी एकदाही विचारलं नाही. अशा क्षुल्लक गोष्टींत लक्ष घालायला मला वेळ नव्हता.

सगळं जमल्यावर सांधे जोडायचे होते. नुसती पिळलेली तार भरवशाची नसते; तिला कथलाचा डाग द्यावा लागतो. कथील आणि निखारे असलेला माणूस गावात एकच, तो कल्हईवाला चाचा. मी माझं बिऱ्हाड घेऊन त्याच्या भात्याशेजारी जाऊन बसलो आणि त्याला हुकूम सोडू लागलो. इथे डाग दे, तिथे दे. त्याने सळई तापवली, नवसागराच्या खड्याकडे हात नेला आणि थांबला.

"मास्टरसाब," तो म्हणाला, "भांड्याला नवसागर बराबर. भांडं रोज घासतात, धुतात. ही तार केसावानी बारीक. नवसागर पानी धरतो अन् हळूहळू तांब्याला खातो. इथं राळ लावू का? राळ हाय माझ्याकडं."

राळ! देवापुढे धुपाला जाळतात ती. मला हसू आवरेना. ज्या नवसागराने तारबाबूच्या बॅटऱ्या चालतात, ज्याच्या पाण्याने मेलेले सेल उठून बसतात, तो विजेचाच क्षार. तो विजेच्या तारेला खाईल? मी कॉलेजात दीड वर्ष काढलं होतं. ह्याने जन्मभर पातेली उजळली होती.

"चाचा," मी म्हणालो, "तुम्ही पातेल्यांचं बघा. विजेचं मला कळतं. नवसागरच लावा."

बाजारात आजूबाजूला माणसं होती. ती हसली. चाचाही थोडा हसला. मग त्याने मान खाली घातली आणि मी सांगितलं तसं, एकेक सांधा नवसागर लावून, फार सुबक जोडून दिला.

त्याच संध्याकाळी रेडिओ बोलला. छपरापासून चिंचेपर्यंत तार ताणली होती. हेडफोन कानाला लावून मी कॉइल हलवली आणि खरखरीतून हैदराबादचा उर्दू बोलणारा माणूस अगदी स्वच्छ बाहेर आला. मी हेडफोन मायच्या डोक्यावर चढवला. परका पुरुष एकदम कानात बोलला म्हणून तिने घाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला. मग तिच्या ध्यानात आलं, आणि ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "असाच तिचा बी आवाज येईल का?" तिने विचारलं. मी म्हणालो, याहून चांगला.

शनिवारला पंधरा दिवस होते. सेल संपू नयेत म्हणून मी रेडिओ पुन्हा लावला नाही. मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवला आणि जो भेटेल त्याला आपली विद्या ऐकवत हिंडलो. हस्ताच्या पावसाने त्या साली आठ दिवस झोडपलं. भिंतींना ओल आली, मीठ पाझरलं, काडेपेटीच्या काड्या पेटेनात. मायने एकदा विचारलं, "ते काढून बघावं का रे?" मी म्हणालो, तुला त्यातलं काय कळतं?

शनिवारी संध्याकाळी मायने दुसऱ्यांदा आंघोळ केली. घडीचं लुगडं नेसली, कुणी मुक्कामाला येणार असल्यासारखी, आणि पाटावर बसली. मी हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवला. बॅटऱ्या जोडल्या. कॉइल हलवली.

"येऊन राहिलं का?"

"न्हाई रे."

पुन्हा हलवली. काही नाही. साधी खरखरसुद्धा नाही. मी दिवा जवळ ओढला तेव्हा मला सांधे दिसले. प्रत्येक डागाभोवती हिरवट पांढरं, ओलसर काहीतरी फुलून आलं होतं. मी बोट लावलं आणि कॉइलची तार मुळाशी तुटून हातात आली. ती पिळून जोडतो तोवर दुसरी तुटली. मग तिसरी. माय काहीतरी म्हणाली, मी तिच्या अंगावर ओरडलो, "गप बस म्हणतो ना! हलू नको!"

तिने हेडफोन हलक्या हाताने काढून पाटावर ठेवला. "देवळात दिवा लावून येते," म्हणाली आणि बाहेर गेली. मी मान वर केली नाही.

पाऊण-एक तास मी त्या तारांशी झोंबत होतो. शेवटी कसाबसा आवाज आला तेव्हा कुणीतरी बातम्या वाचत होतं. माय आली होती. तिच्या लुगड्याचा काठ ओला होता आणि पाय घोट्यांपर्यंत शेणाने भरले होते. मी ते पाहिलं. गल्लीत चिखल आहे, घसरली असेल, एवढंच मनात आलं. तिने पाय धुतले, मला भाकरी वाढली आणि म्हणाली, "र्‍हाऊ दे. जिवाला लावून घेऊ नको."

जिवाला लावून घेण्याचा माझा स्वभावच नव्हता. मी दोष वाटून टाकला. पावसाला दिला, तारबाबूच्या जळक्या तारेला दिला, आणि सगळ्यात मोठा वाटा चाचाला. त्याचं कथील भेसळीचं आहे, असं मी भर बाजारात सांगितलं. चार दिवस बायका त्याच्याकडे भांडी न्यायला कचरल्या. चाचा भाता मारत राहिला. राळेचं नाव त्याने पुन्हा माझ्यापुढे काढलं नाही, आणि एवढं होऊनही मी त्या सांध्यांकडे धड बघितलं नाही. बघितलं असतं तर हिरवं काय खात होतं ते एखाद्या पोरालाही कळलं असतं.

निजामाचं राज्य गेलं त्या साली, रझाकारांची धामधूम निवल्यावर, दिवाळीला अक्का माहेरी आली. अंगाने वाळली होती, कानशिलांवर केस पांढरे झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि माय स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मी बाहेर दाढीचं पाणी घेऊन बसलो होतो. बोलता बोलता अक्का म्हणाली, "माय, मी एकदा रेडिओवर गायले होते. तुमच्यापर्यंत काई आलं का न्हाई, कोन जाने."

मी आतून कानकोंडा झालो. काय सांगावं याची जुळवाजुळव करत होतो, तोवर मायचा आवाज आला.

"आलं की. पह्यल्या गान्यात तू लई उंच सूर धरला. मी मनात म्हनलं, आता हिचा गळा बसतो. पन न्हाई बसला."

मी वस्तरा खाली ठेवला. उठून दाराशी गेलो. "माय, तू कुठून ऐकलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. लपवण्याचं कारण आता राहिलं नाही, असं तिला वाटलं असावं. "देसमुखाच्या गोठ्यातून. त्याईच्या माजघराची खिडकी तिकडं उघडती. देसमुखाच्या बाईनं पेटी मुद्दाम खिडकीपाशी ठिवाया लावली होती. ते सेल बी तीच द्यायची मला, टाकून द्यायचे ते बाजूला काढून."

"मग आत का नाही गेलीस? सतरंजी टाकतो म्हणाला होता ना?"

"बाई दोनदा बोलवाया आली गोठ्यात. हाताला धरलं तिनं." माय कणीक मळत होती, तिचे हात थांबले नाहीत. "तू त्याईला म्हैस म्हनला होतास चार मानसांत. त्याईच्या सतरंजीवर मी कोन्त्या तोंडानं बसू? म्हनलं, म्हशीतच उभी र्‍हाते."

अक्काला यातलं काही माहीत नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली.

माय अक्काकडे वळली. "तीन गानी ऐकली. चौथ्याच्या टायमाला एक म्हैस वरडाया लागली ती थांबंचना. तेवढं राहून गेलं बघ. ते म्हन आता."

अक्काने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणू लागली. माय कणकेचा गोळा तसाच सोडून तिच्याजवळ सरकली. मी दारातच उभा होतो. आत बसायला मला कुणी नको म्हटलं नव्हतं. गाणं संपेपर्यंत मी बाहेरच उभा राहिलो.